पुणे ते तंजावर स्वतःच्या गाडीने: वाटेत कुठे थांबावं?

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत पुण्याहून तंजावरला गाडीने जायचं घाटतंय. बरोबर बाबा (वय ७४), आई (गुडघे दुखतात, पण सपाटीला छान चालते), नवरा आणि सातवीतली लेक. गाडी सात आसनी, डिझेल. चालवणारे आम्ही दोघं. हाताशी बारा दिवस आहेत.

पुणे-बंगळूर साधारण ८४० किलोमीटर, पुढे तंजावर आणखी ३९०च्या आसपास. नुसतं पोचायचं असेल तर दोन लांबलचक दिवसांत पोचता येईल, पण तसं पोचण्यात आम्हाला रस नाही. बाबांनी आयुष्यभर मराठ्यांचा इतिहास वाचला. तमिळनाडूतल्या जिंजी किल्ल्याचा विषय निघाला की जेवण बाजूला राहतं, आणि जिंजी त्यांनी अजून डोळ्यांनी पाहिलेली नाही. म्हणून विमानाने तिरुचीला उतरून टॅक्सी करण्याचा पर्याय घरात एकमताने नामंजूर झाला आहे.

तर वाटेत खरोखर थांबण्यासारखं काय आहे? नकाशावर बोट ठेवावं तिथे देऊळ नाही तर किल्ला आहे. सगळं बघायचं म्हटलं तर दोन महिने पुरणार नाहीत. काय घ्यावं, काय सोडावं, रोज किती अंतर कापावं, हे ज्यांनी तो रस्ता केलाय त्यांनी सांगा. मुक्काम आधी ठरवून जाणार आहोत, आयत्या वेळी शोधाशोध नको.

गाडीवान
तुमच्यासोबत ज्येष्ठ आहेत, त्यामुळे शक्यतो दिवसाला ४०० किलोमीटरच्या वर जाऊ नका. ज्या दिवशी काही बघायचं असेल त्या दिवशी २५० खूप झाले. सकाळी सहाला चाकं हलली पाहिजेत आणि संध्याकाळी साडेपाचला गाडी मुक्कामाच्या दारात उभी हवी. अंधार पडल्यावर हमरस्त्यावर दिवे न लावलेले ट्रॅक्टर आणि उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाक्या भेटतात. ती जोखीम घरची माणसं बसलेली असताना घेऊ नये.

पुणे-सातारा-कोल्हापूर टप्प्यात रुंदीकरणाची कामं रेंगाळलेली आहेत. कराड आणि पुढे कागलपर्यंत वळणरस्ते सतत बदलतात, तिथे हाताशी तासभर जादा ठेवा. निपाणी ओलांडली की रस्ता मोकळा मिळतो. धारवाड-हुबळी बाह्यवळणावर मात्र वेग आवरा, तो तुकडा अपघातांसाठी बदनाम आहे.

फास्टॅगचा वार्षिक पास काढून ठेवा. १५ ऑगस्ट २०२५ला सुरू झाला तेव्हा खासगी गाड्यांना ३००० रुपयांत वर्षभर किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. राष्ट्रीय महामार्गांच्या टोलनाक्यांवरच चालतो, राज्य सरकारी किंवा खासगी रस्त्यांवर नाही. तुमच्या जाण्या-येण्यातच त्याचा मोठा भाग वसूल होईल.

खवय्या
दावणगिरी. बेण्णे दोसे. बाकीची चर्चा त्यानंतर.

मोडीवेडा
कृष्णाकाठची ताई, बाबांना माझा नमस्कार सांगा. तुम्ही ज्या रस्त्याने निघालात त्याला एक धागा आधीच आहे, तोच धरा म्हणजे निवड आपोआप होईल.

शिवाजी महाराजांची १६७७ची दक्षिण मोहीम या वाटेने गेलेली नाही. ते भागानगरहून (हैदराबादहून) कुतुबशहाची भेट घेऊन श्रीशैलमार्गे खाली उतरले. तुमची वाट आहे ती राजाराम महाराजांची. संभाजी महाराजांना मारल्यावर १६८९ साली रायगडाला वेढा पडला, राजाराम महाराज तिथून निसटून प्रतापगड करत पन्हाळ्यावर आले आणि तिथून लिंगायत यात्रेकरूंच्या वेषात दक्षिणेकडे निघाले. केळदीच्या राणी चन्नम्माने औरंगजेबाचा रोष पत्करून त्यांना आपल्या मुलखातून वाट दिली. बंगळूरला संशय आला तेव्हा खंडो बल्लाळ आणि काही सोबती मागे थांबले, पकडले गेले, मार खाल्ला, पण तोंड उघडलं नाही. महाराज पुढे वेलूर गाठून जिंजीला पोचले. पुढची काही वर्षं मराठ्यांची राजधानी जिंजी होती.

पन्हाळा, बंगळूर, वेलूर, जिंजी. हे चार खुंट रोवून घ्या. त्यात शहाजीराजांची होदिगेरेची समाधी आणि शेवटी तंजावर जोडलं की प्रवास पूर्ण होतो. मध्ये आणखी शंभर ठिकाणं आहेत, ती पुन्हा कधीतरी.

रानवारा
मोडीवेडा, तुमच्या अभ्यासाबद्दल आदर आहे, पण मला हे पटत नाही. सातवीतल्या मुलीला सलग बारा दिवस वेढे आणि तह ऐकवले तर तिला इतिहासाचा कंटाळा येईल. गदगजवळचं लक्कुंडी घ्या. कल्याणी चालुक्यांची देवळं, काशीविश्वेश्वराच्या दारावरचं कोरीवकाम, भरगावात पायऱ्यांची सुंदर विहीर आणि गर्दी जवळपास नाही. हुबळीहून गदग तासा-दीड तासाचं अंतर. तिथून हंपीही फार लांब नाही. एवढ्या दूर जाताय तर हंपी टाळणं मला तरी जमलं नसतं.

कृष्णाकाठची
हंपी-बदामी आमचं झालंय. आईला लक्कुंडी बघायची इच्छा आहे खरी. मोडीवेडा दादा, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. त्यांनी मला थांबवून "खंडो बल्लाळ" पुन्हा वाचायला लावलं. तेव्हा धागा ठरला असं समजा.

मोडीवेडा
रानवारा, कंटाळा वेढ्यांचा येत नाही, सनावळ्यांचा येतो. वेष पालटून पळणारा एकोणीस वर्षांचा राजा आणि मागे पाठलाग, यात सातवीच्या मुलीला कंटाळा कसा येईल? फक्त तिला सांगणारं माणूस हवं. आणि ते तर गाडीतच बसलंय.

रानवारा
हे मान्य. मग परतीच्या वाटेवर तरी लक्कुंडी ठेवा. आग्रह सोडत नाही.

डॉक्टरीणबाई
ज्येष्ठांसाठी दोन शब्द. दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवून त्यांना पाच-दहा मिनिटं चालतं करा. सलग बसून राहिल्याने पायांत रक्त साकळण्याचा धोका वाढतो. स्वच्छतागृहाच्या धास्तीने आई पाणी कमी पितील (सगळ्याच बायका पितात, मीही तेच बघते), ते होऊ देऊ नका. हमरस्त्यावर मोठ्या उपाहारगृहांची आणि तेल कंपन्यांच्या मोठ्या पंपांची सोय बरी असते. प्रत्येक थांब्याची जागा आधी हेरून ठेवलीत की त्या निर्धास्त पाणी पितील. रोजच्या गोळ्या दोन वेगवेगळ्या बॅगांत विभागून ठेवा आणि गोळ्यांच्या मूळ नावांची चिठ्ठी जवळ असू द्या. तमिळनाडूत आपल्याकडची कंपनी मिळेलच असं नाही, पण औषधाचं मूळ नाव दाखवलं की काम होतं.

आणखी एक. देवळांच्या आवारात अनवाणी चालावं लागतं आणि दुपारी फरशी तापते. जाड मोजे घेऊन जा.

गाडीवान
मोज्यांचा मुद्दा लाखमोलाचा. दक्षिणेत दुपारी बाराच्या सुमारास देवळांचे गाभारे बंद होतात ते चारनंतर उघडतात, हेही वेळापत्रकात धरा. म्हणजे देऊळ सकाळी नाही तर संध्याकाळी, आणि मधली दुपार गाडी हाकायला.

करवीरवासी
पन्हाळ्यासाठी कोल्हापूरहून २० किलोमीटर आत जावं लागतं. पुण्याहून सहाला निघालात तर साडेअकरापर्यंत गडावर पोचता. तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जाकोठी, सगळीकडे गाडी जवळ जाते, आईंना त्रास नाही. पण मग त्या दिवशी हुबळी गाठायचा हट्ट सोडा. बेळगावात मुक्काम करा. किल्ल्यातली कमल बस्ती (जैन देऊळ) संध्याकाळी बघून होईल आणि कुंदा खाऊन झोपा.

गाडीवान
करवीरवासी, पुण्याची मंडळी पन्हाळ्याला कधीही शनिवार-रविवारी जाऊ शकतात. बारा दिवसांतला अर्धा दिवस त्यावर का घालवायचा? पहिल्या दिवशी माणसं ताजी असतात, तेव्हाच लांब पल्ला मारून घ्यावा. सरळ हुबळी गाठा, ४३० किलोमीटर. वाटेत कित्तूर अगदी रस्त्याला लागून आहे, तेवढं बघा.

करवीरवासी
कधीही जाऊ शकतात म्हणूनच जात नाहीत हो. आणि ज्या वाटेची सुरुवात पन्हाळ्यावरून झाली ती हुबळीपासून कशी मोजायची?

मोडीवेडा
माझं मत करवीरवासींच्या बाजूने. पण बाबांनी पन्हाळा पाहिलेला असेल तर गाडीवानांचं गणित बरोबर आहे.

कृष्णाकाठची
बाबांनी पन्हाळा बऱ्याचदा पाहिलाय. लेकीने नाही. घरात मतदान घ्यावं लागणार.

खवय्या
मतदान होईपर्यंत दावणगिरीचं सांगून ठेवतो. लाकडावर तापलेला तवा, त्यावर जाडसर दोसा, वर पांढऱ्या लोण्याचा गोळा. सोबत उकडलेल्या बटाट्याची फिकी भाजी आणि खोबऱ्याची चटणी. सांबार देत नाहीत, मागूही नका. सकाळी अकराच्या आत जा. हुबळीत थांबलात तर संध्याकाळी गिरमीट आणि मिरची भजी. धारवाडचा पेढा परतीच्या वाटेवर घ्या, म्हणजे घरी ताजा पोचेल.

दावणगिरीचा जावई
खवय्या बरोबर बोलले, पण दावणगिरीला नुसता दोसा खाऊन हमरस्त्याने पुढे निघालात तर मोठी गोष्ट हुकेल. तिथून चन्नगिरीचा रस्ता धरा. वाटेत सांतेबेन्नूर लागतं. तिथली पुष्करिणी म्हणजे चहूबाजूंनी दगडी पायऱ्या आणि मधोमध पाण्यात उभा मंडप. सोळाव्या शतकातली आहे. तुमची लेक तिथून हलणार नाही. गाडीतून उतरल्यावर चालणंही फारसं नाही.

पुढे चन्नगिरी तालुक्यातच होदिगेरे. शहाजीराजे १६६४च्या जानेवारीत शिकारीला गेले असता घोड्यावरून पडून तिथे गेले. समाधी अगदी साधी आहे. मोठी इमारत, कमानी, पुतळे अशा अपेक्षेने जाऊ नका. शेतं आणि सुपारीच्या बागांच्या मुलखातलं एक छोटं गाव आणि तिथे हा दगडी चौथरा. पहिल्यांदा गेलो तेव्हा गावातल्या एका आजोबांनी हातातलं काम टाकून आम्हाला तिथपर्यंत आणून सोडलं आणि "पुणे?" एवढंच विचारलं. मराठी त्यांना येत नव्हतं, कानडी मला तेव्हा येत नव्हतं. आमच्याकडे फुलं नव्हती, तर त्यांनीच जवळच्या कुंपणावरची शेवंती तोडून दिली. तेव्हा जाताना दावणगिरीच्या बाजारातून हार घेऊन जा.

तिथून परत मागे यायची गरज नाही. चन्नगिरीहून होळलकेरेमार्गे थेट चित्रदुर्ग गाठता येतं. रस्ता दुपदरी, पण बरा.

कृष्णाकाठची
हे वाचून घरात सगळेच गप्प झाले. होदिगेरे नक्की.

अजिंक्यतारा
चित्रदुर्ग सकाळी उघडल्या उघडल्या करा. प्रचंड गोल शिळा आणि त्यांच्या मधून फिरवलेल्या तटांच्या रांगा, अशी बांधणी आपल्याकडे बघायला मिळत नाही. कानडीत त्याला सात फेऱ्यांचा कोट म्हणतात. मुलीला ओनके ओबव्वाची खिंड दाखवा. हैदरअलीचे शिपाई एका फटीतून एकेक करून आत घुसत होते आणि पाणी आणायला गेलेल्या पहारेकऱ्याच्या बायकोने त्यांना मुसळाने टिपलं, अशी ती कथा. त्या फटीत मोठ्या माणसाला आजही अंग चोरूनच जावं लागतं. लेकीला आत शिरायला सांगा, मग कथा वेगळी सांगावी लागत नाही. आई खालच्या दरवाजांपर्यंत आरामात येतील, वर नको.

बंगळूरची पाहुणी
आता बंगळूर. शहरात शिरू नका. तुमकूरकडून येताना दोन पर्याय आहेत. एक म्हणजे नाइस रोड, जो तुमकूर रस्त्यावरून शहराच्या पश्चिमेने थेट होसूर रस्त्याला नेऊन सोडतो. खासगी आहे, टोल वेगळा, वार्षिक पास चालणार नाही. दुसरा म्हणजे डाबसपेटला वळून दोड्डबळ्ळापूर, देवनहळ्ळीवरून होसकोटेला काढणारा नवा बाह्यवळण रस्ता. वेलूर करायचं असेल तर दुसरा घ्या, कारण होसकोटेहून कोलार रस्ता लगेच लागतो. पहिल्या रस्त्याने होसूर-कृष्णगिरी होत थेट तिरुवण्णामलैला जाता येईल, पण वेलूर सुटेल.

चित्रदुर्ग सकाळी बघून त्याच दिवशी वेलूर गाठायचा विचार करू नका. कोलारच्या आसपास मुक्काम करा.

मोडीवेडा
वेलूर सोडू नका. किल्ला पूर्ण सपाटीवर आहे, खंदकात पाणी आहे, म्हणजे आई थेट तटापर्यंत सगळं बघू शकतील. शिवाजी महाराजांच्या सैन्याने १६७७मध्ये वेढा घातला तो वर्षभराहून जास्त चालला, १६७८मध्ये किल्ला हाती आला. समोरच्या टेकड्यांवर मराठ्यांनी मोर्चे बांधले, त्यांची नावं साजरा आणि गोजरा. किल्ल्याच्या आवारात जलकंठेश्वराचं देऊळ आहे, त्याच्या मंडपातले खांब बघायला विसरू नका. १८०६चा शिपायांचा उठाव इथलाच, १८५७च्या पन्नासेक वर्षं आधीचा.

दुर्गयात्री
जिंजीवर जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्या बाबांसाठी हा सगळा प्रवास तिथेच येऊन ठेपणार आहे.

जिंजी म्हणजे तीन डोंगर आणि त्यांना एकत्र बांधणारा तट. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायणदुर्ग. राजगिरी सगळ्यात उंच, सुमारे ८०० फूट, शेवटचा टप्पा खडा. माथ्याच्या जरा अलीकडे डोंगराला मोठी चीर आहे आणि ती ओलांडायला छोटा पूल. पूर्वी तो पूल काढून घेतला की संपलं, वर जायला दुसरी वाट नाही. तिथे उभं राहिल्यावर औरंगजेबाचा सरदार झुल्फिकारखान याला हा किल्ला घ्यायला आठेक वर्षं का लागली हे कोणी समजावून सांगायची गरज उरत नाही. १६९८च्या सुरुवातीला किल्ला पडला, पण राजाराम महाराज त्याआधीच निसटून विशाळगडाकडे गेले होते.

७४ वर्षांच्या माणसाने वर जावं का? तब्येतीवर आहे. आम्ही गेलो तेव्हा आमच्यातले सत्तरीचे एक काका सकाळी लवकर सुरुवात करून अर्ध्या चढावरच्या सावलीपर्यंत आले, तिथे बसून राहिले आणि उतरताना आमच्याबरोबर खाली आले. समाधानी होते. पायऱ्या ओबडधोबड आहेत, काही गुडघ्याएवढ्या उंच. पायथ्याला मात्र सगळं सपाट आणि भरपूर आहे: कल्याण महालाचा मजल्यांवर मजले चढवलेला मनोरा, जाड भिंतींची धान्याची कोठारं, घोड्यांच्या पागा, वेंकटरमण मंदिर. आईंना दोन तास पुरेल. ज्यांना थोडंच चढायचंय त्यांनी रस्त्यापलीकडची कृष्णगिरी घ्यावी, ती कमी उंच आहे.

माकडांपासून सावध. हातात पिशवी दिसली की झडप पडते. खाण्याचं सगळं गाडीत ठेवा, पाण्याची बाटली पाठपिशवीत. दुपारनंतर वर सोडत नाहीत, त्यामुळे सकाळीच पोचा. पायथ्याला जेवणाची धड सोय नाही, जिंजी गावात या.

जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यातले अकरा महाराष्ट्रात आणि बारावा हा. त्यातलाच एक पन्हाळा, हे मतदानाच्या वेळी लक्षात असू द्या.

करवीरवासी
धन्यवाद, दुर्गयात्री!

अरुणाचल
महत्त्वाची सूचना. जिंजीसाठी सोयीचा मुक्काम म्हणजे तिरुवण्णामलै, पण पंचांग बघितल्याशिवाय ठरवू नका. दर पौर्णिमेला तिथे डोंगराची प्रदक्षिणा असते, सुमारे १४ किलोमीटरची, आणि त्या रात्री लाखांनी माणूस रस्त्यावर असतो. गाड्या गावाबाहेर अडवतात, खोली मिळत नाही. पौर्णिमा टाळाच. महाशिवरात्रही बघून घ्या. इतर दिवशी मात्र अवश्य राहा, अरुणाचलेश्वराचं देऊळ पहाटे फार शांत असतं.

खवय्या
आणि दिवाळीच्या सुट्टीत हा प्रवास करू पाहणाऱ्यांसाठी: तिकडचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. फेब्रुवारी उत्तम निवडलात.

रानवारा
जिंजीहून तंजावरला जाताना विळुपुरम, पण्रुट्टी, नेवेली करत कुंभकोणमचा रस्ता धरा. पण्रुट्टी फणसासाठी आणि काजूसाठी नावाजलेलं, कोकणी माणसाला घरी आल्यासारखं वाटेल. त्याच रस्त्यावरून थोडं आत गंगैकोंडचोळपुरम. राजेंद्र चोळाने बाप राजराजाच्या तंजावरच्या देवळाच्या तोडीचं देऊळ इथे बांधलं. तंजावरात गजबज आहे, इथे मोठं हिरवं आवार आणि माणसं तुरळक. मग कुंभकोणमजवळचं दारासुरम. तिथला मंडप रथासारखा घडवलाय, चाकं आणि घोडे कोरलेले. लहान आहे, पण कोरीवकाम इतकं बारीक की नाक भिंतीला लावून बघावं. ही दोन आणि तंजावरचं, अशी तिन्ही मिळून जागतिक वारसा. मोडीवेडांचा धागा थोडा सैल होईल, पण चालेल.

मोडीवेडा
चोळांसाठी धागा कितीही सैल करायला तयार आहे.

कावेरीकाठ
मी हा धागा रोज वाचतेय, आज लिहायचं ठरवलं. मी तंजावरची. आमचं घराणं शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांच्या पाठोपाठ तिकडे गेलेलं, घरात आजही मराठी बोलतो. नोकरीमुळे आता चेन्नईला असते, आई-वडील तंजावरलाच आहेत. आमची बोली तुम्हाला वेगळी वाटेल. मधे तमिळ शब्द येतात आणि काही शब्द असे आहेत जे आता तुमच्याकडे कोणी वापरत नाही. पुण्याच्या मैत्रिणींशी लिहून-बोलून मी हे मराठी शिकले.

पाहुणे येतात ते मोठं देऊळ आणि राजवाडा एका दुपारी उरकून पाँडिचेरीला निघतात. दोन पूर्ण दिवस ठेवा, ही विनंती. बृहदीश्वर, म्हणजे ते मोठं देऊळ, दोनदा बघा, एकदा सकाळी उघडल्यावर आणि एकदा दिवेलागणीला. १०१० साली पूर्ण झालेलं ते शिखर उन्हात आणि संधिप्रकाशात दोन वेगळी देवळं वाटतात. आणि प्राकाराच्या नैऋत्येकडच्या भिंतीवर तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३मध्ये भोसले घराण्याचा इतिहास कोरून घेतलाय, मराठीत, देवनागरीत. लांबच लांब लेख आहे. चोळांच्या भिंतीवर आपली भाषा. बाबांना तिथे खुर्चीची गरज लागेल, कारण ते लवकर उठणार नाहीत. घडीची छोटी खुर्ची गाडीत असू द्या.

राजवाड्यात सरस्वती महाल ग्रंथालय. संग्रहालयाचा भाग सगळ्यांना खुला आहे. ताडपत्रं, नकाशे, सरफोजीराजांनी जमवलेली पुस्तकं. मोडी कागदांचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) पाहायचे तर आधी पत्र लिहून परवानगी घ्यावी लागते. सुट्टीचा वार निघण्याआधी विचारून घ्या. मराठ्यांचा दरबार हॉल आणि चोळ काळातल्या पंचधातूच्या मूर्तींचं दालन त्याच आवारात आहे. शिवगंगा बागेजवळ श्वार्ट्झचं चर्च आहे, तिथे संगमरवरी शिल्प आहे: मरणशय्येवरचा हा पाद्री आणि शेजारी तरुण सरफोजी, त्याचा शिष्य. हे बघायला फारसं कोणी जात नाही.

तिरुवैयारू १३ किलोमीटरवर, कर्नाटक संगीतातल्या त्यागराजांची समाधी कावेरीच्या काठी. शाळेत शिकलेलं संगीत सातवीच्या मुलीला तिथे आठवेल. तिच्यासाठी मान हलवणारी तंजावरची बाहुली घ्या. आपटू नये म्हणून गाडीत कपड्यांत गुंडाळून आणा.

डॉक्टरीणबाई
कावेरीकाठ, काय सुंदर लिहिलंत. सरफोजीराजांच्या धन्वंतरी महालाबद्दलही सांगा ना. मोतीबिंदूच्या रुग्णांच्या नोंदी, डोळ्यांची चित्रं काढून ठेवलेली, असं वाचलंय.

कावेरीकाठ
हो, त्या नोंदी सरस्वती महालातच आहेत. शस्त्रक्रियेआधी आणि नंतर डोळा कसा होता याची चित्रं. त्यांना वैद्यकाची फार आवड होती, आयुर्वेद, युनानी, पाश्चात्त्य असे सगळे वैद्य एका जागी ठेवले होते. संग्रहालयात त्यातलं काय मांडलेलं असतं ते बदलतं, तिथल्या लोकांना विचारा. विचारलं की ते आनंदाने दाखवतात.

खवय्या
तंजावरच्या मराठी घरात जेवायला काय असतं हो?

कावेरीकाठ
सणाला पुरणपोळी आहेच, आम्ही नुसती पोळी म्हणतो. रोजच्या जेवणात पिठलं, आंबट वरण, मेतकूट, डांगर. भाताबरोबर खातो. तुम्ही इकडे येऊन कुंभकोणमची डिग्री कॉफी घेतली नाही तर मात्र मी रागावेन. पितळी डबरा-पेल्यातच घ्या.

चहाबाज
आणि चहा?

कावेरीकाठ
चहा बेळगावपर्यंत पिऊन घ्या. :)

मोडीवेडा
एक थांबा राहिला. तिरुमळवाडी. १६७७मध्ये शिवाजी महाराज आणि व्यंकोजीराजे या सावत्र भावांची भेट कोळ्ळिडम नदीच्या काठी इथे झाली. नकाशावर तिरुमळपाडी असं शोधा, तिरुवैयारूहून नदी ओलांडली की जवळ आहे. भेटीची खूण म्हणून काही उभं नाही, पण वैद्यनाथाचं जुनं देऊळ आहे आणि नदीचं रुंद पात्र आहे. वारशाच्या वाटणीवरून दोन भावांमध्ये काय बोलणं झालं असेल, यावर गाडीत तास-दोन तास सहज जातील.

कृष्णाकाठची
मंडळी, मतदान झालं. लेकीने आजोबांच्या विरोधात मत दिलं आणि पन्हाळा जिंकला! तर कच्चा आराखडा असा.

पहिल्या दिवशी पन्हाळा बघून बेळगाव. दुसऱ्या दिवशी कित्तूर आणि पुढे दावणगिरीपर्यंत, संध्याकाळी आराम. तिसऱ्या दिवशी सकाळी दोसा, सांतेबेन्नूर, होदिगेरे आणि चित्रदुर्गला मुक्काम. चौथ्या दिवशी किल्ला करून कोलारच्या आसपास. पाचव्या दिवशी वेलूर आणि संध्याकाळी तिरुवण्णामलै, पौर्णिमा तपासून. सहावा दिवस पूर्ण जिंजीचा, मुक्काम पुन्हा तिरुवण्णामलै. सातव्या दिवशी गंगैकोंडचोळपुरम, दारासुरम आणि कुंभकोणम. आठवा-नववा तंजावर. दहाव्या दिवशी तिरुमळवाडी करून तिरुची-सेलममार्गे होसूर, अकराव्याला हुबळी, बाराव्याला घरी. रानवारा, लक्कुंडीला यात जागा सापडत नाहीये, वाईट वाटतंय.

बाबा राजगिरीवर कुठपर्यंत चढतात ते त्यांच्यावर सोडलंय. आई आणि मी पायथ्याला थांबू. खुर्ची आजच आणली.

गाडीवान
आराखडा चांगला आहे, दोनच बदल सुचवतो. सातव्या दिवशी तिरुवण्णामलैहून उशिरा निघालात तर गंगैकोंडचोळपुरमला ऐन दुपारी पोचाल आणि गाभारा बंद मिळेल. पहाटे साडेपाचला निघा, नाही तर जेवण आणि विश्रांती नेवेलीच्या आसपास करून चारला पोचा आणि दारासुरम दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या. कुंभकोणम-तंजावर ४० किलोमीटर आहे, काही बिघडत नाही.

दहावा दिवस जड होतोय. तिरुमळवाडी नवव्या दिवशी तिरुवैयारूसोबत घ्या, म्हणजे दहाव्या दिवशी सकाळी सहाला थेट निघता येईल. निघण्याआधी टायर, ब्रेक आणि कूलंट बघून घ्या, जादा चाकातली हवाही तपासा. त्या चाकाकडे कोणीच बघत नाही.

करवीरवासी
पन्हाळ्यावर सज्जाकोठीच्या खाली गाडी लावता येते. दुपारी झुणका-भाकर सांगून ठेवायची असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा, ओळखीचं घर आहे.

रानवारा
लक्कुंडीसाठी अकराव्या दिवशी होसूरहून पहाटे पाचला निघून...

गाडीवान
नाही.

कावेरीकाठ
कृष्णाकाठची, तंजावरला पोचायच्या आदल्या दिवशी मला निरोप करा. माझे बाबा ७६ वर्षांचे आहेत, मराठी लेख त्यांना अडखळत वाचता येतो, आणि पुण्याहून कोणी येतंय म्हटल्यावर ते भिंतीपाशी तुमच्याआधी पोचलेले असतील. दोन खुर्च्या आणा.